बैरंग

सोमवारी पिशवी आली. टपाल कमी, आदेश जास्त.
आठवड्याला दोन हजार, म्हणाला पहिला.
बुधवारच्याने तो रद्द केला : पाचशे.
शुक्रवारचा नावेतून येताना भिजला,
त्यावर फक्त ‘पुढील सूचनेपर्यंत’ वाचता आलं
आणि तेवढं पुरलं.

मी मोहटोल्याचा शाखा डाकपाल.
पत्र्याची खोली, लोखंडी शिक्का,
एकशे चौऱ्याण्णव पासबुकं,
बहुतेक बिड्या वळणाऱ्या बायांची.
हजारामागे मजुरी किती, त्यातली इथे किती,
हे घरच्या हिशेबापेक्षा मला पाठ.

राजधानीत काय कोसळलं, मी पाहिलं नाही.
रेडिओ म्हणायचा चलन, गंगाजळी, विश्वास.
आम्हाला कळलं काडीपेटीवरून.
सकाळी वीस, दुपारी पस्तीस,
आणि दिवेलागणीला दुकानदार हेमराजचीच बायको
वाटीत राख घेऊन शेजारी विस्तव मागायला गेली.

मग जुनीच पाकिटं आली, पाच रुपयांची,
सोबत रबरी शिक्का : पाचशे.
पुढच्या महिन्यात दुसरा : पाच हजार.
तिसरा आलाच नाही.
फोन आला, शून्यं हाताने वाढवा.
वाढवली. माझं अक्षर बरं आहे.
शाळेत गुरुजी म्हणायचे, डोमाजीचा गोल बघा रे.

पासबुकाचा रकाना मात्र अरुंद.
शून्यं रेघ ओलांडून शेऱ्याच्या घरात घुसली.

चंद्रकला रोज यायची, उभी राहायची.
“मास्तर, माह्या नावावर हाये ना अजून?”
हाये.
“किती?”
मी आकडा वाचायचो. ती पदराआड हसायची.
एवढा मोठा आकडा तिच्या कुळात कोणाच्या नावावर नव्हता.
“मंग याचे तांदूळ किती होतीन?”
पायलीभर, म्हणालो त्या सोमवारी.
गुरुवारी शेरभर.
नंतर मी आकडा वाचला
आणि तिने पुढचं विचारलं नाही.

तेव्हा मी केलं ते नियमात नाही.
तिच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर,
तारखेच्या शिक्क्यापासून लांब,
शिसपेन्सिलीने लिहिलं :
पाचशे बिड्या रेवनला. येणं तांदूळ, एक पायली.
मग रेवनच्या पुस्तकात उलटं.
मग डिंक, मोहफुलं, बोडीतले मासे,
फाळ शेवटून देणं, बाळंतपणाला रात्री धावून येणं
(याचं माप ठरेना, नुसती रेघ मारली).
पुढून मागे शून्यं येत होती,
मागून पुढे शिसपेन्सिल.
एका शनिवारी दोघी मधल्या पानावर भेटल्या.

आणि सरकारचं उत्तर आलं.
प्रत्येक खातेदाराला एक, जाड कागद, छापील सही.
‘आपण दाखवलेल्या संयमाबद्दल’ अशी सुरुवात.
तिकीट लावलेलं होतं,
पण निघाली त्या दिवसाच्या दराचं.
वाटेत दर पुढे गेला, पत्रं मागे राहिली.
तालुक्याने सगळ्यांवर निळ्या पेन्सिलीने फुली मारली : बैरंग.
नियम जुना आहे,
कमी पडेल त्याच्या दुप्पट, घेणाऱ्याकडून.

बाया ओट्यावर बसल्या. मी नियम वाचला.
बराच वेळ फक्त पानं कापायच्या कात्र्या बोलत होत्या.
साखराबाई म्हणाली, “आत पैसे हायेत?”
नाही.
“तांदूळ?”
नाही.
“मंग काहून सोडवाचं?”

एकट्या चंद्रकलाने सोडवलं.
टेबलावर दोन जुड्या ठेवल्या,
पाकीट न फोडता उजेडात धरलं.
“मागून कोरा हाये, मास्तर.
तुमची पानं सरत आली न?”

बाकी एकशे त्र्याण्णवांवर मी एकेक करून लिहिलं :
घेण्यास नकार. पाठवणाऱ्याकडे परत.
घाई केली नाही.
पिशवीचं तोंड बांधलं, लाख लावली,
काट्यावर ठेवून पाहिली.
आली होती तेवढीच भरली,
एका पत्राने हलकी.